पोरगा बोटीवर जाणार? आधी मेडिकल, मग कर्ज



भात काढणी उरकल्यावरची गोष्ट आहे. कामथडी भागातल्या एका गटाच्या बैठकीला मी गेले होते. बचत जमा झाली, वही लिहून झाली आणि कर्जमागणी सुरू झाली. एका ताईंनी ३०,००० रुपये मागितले. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरगं बोटीवर लागतंय. एजंटाने सीट धरून ठेवलीय. पहिला हप्ता भरायचाय."

सगळ्यांना आनंद झाला. आपल्याकडची पोरं शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कंपनीत जातात, नाहीतर पुण्यात गाडी चालवतात. बोटीवर जाणारं पोरगं म्हणजे नवलच. ताईंची परतफेड कायम वेळेवर, त्यामुळे कर्ज लगेच मंजूर झालं. मीही मान डोलावली. "मेडिकल झालं का?" हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता, तो विचारला नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाच तो माहीत नव्हता.

दोन महिन्यांनी मुलगा मुंबईला तपासणीला गेला. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि विचारलं, "आकडा कोणता दिसतोय?" त्याला आकडाच दिसेना. लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही, म्हणून डेकवरच्या कामाला तो अनफिट ठरला. एजंट म्हणाला पैसे परत मिळत नाहीत, आणि पुढे त्याने फोन उचलणंच बंद केलं. गटाचं व्याज शेकडा २. म्हणजे पहिल्या महिन्यालाच ६०० रुपये नुसतं व्याज, मुद्दल वेगळी.

त्यानंतर मी या विषयाची माहिती गोळा केली. आपल्या भागातल्या आणखी दोन-तीन घरांत 'मर्चंट नेव्ही'चं बोलणं चालू आहे असं कळलं. म्हणून हा लेख.

हे मेडिकल सर्टिफिकेट म्हणजे काय?

मालवाहू जहाज, तेलाचं जहाज, प्रवासी जहाज यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे 'हा माणूस समुद्रावर काम करायला तंदुरुस्त आहे' असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. कप्तान असो, इंजिनवाला असो की स्वयंपाकी, कोणालाही त्यातून सूट नाही.

हा नियम एकट्या भारताचा नाही. कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ साली जहाजावरच्या कामगारांसाठी एक करार केला. त्याला मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन म्हणतात. भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. आपल्या सरकारचे वैद्यकीय तपासणीचे नियम तर त्याच्याही आधीचे, २००० सालचे आहेत. या सगळ्यावर देखरेख ठेवणारं सरकारी ऑफिस म्हणजे नौवहन महानिदेशालय. सगळे त्याला 'डीजी शिपिंग' म्हणतात. ते मुंबईत आहे.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे सर्टिफिकेट कुठल्याही डॉक्टरचं चालत नाही. गावातले डॉक्टर कितीही चांगले असले तरी त्यांचा दाखला इथे उपयोगाचा नाही. डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरांचंच सर्टिफिकेट लागतं. त्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर असते. 'आमचा ओळखीचा डॉक्टर आहे, घरबसल्या सर्टिफिकेट देतो' असं कोणी म्हणालं की सावध व्हा.

एवढी कडक तपासणी कशासाठी?

आपल्याकडे रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर आपण १०८ ला फोन करतो. गाडी येते, भोरला नाहीतर पुण्याला नेते. जहाज मात्र किनाऱ्यापासून कितीतरी दिवसांच्या अंतरावर असतं. तिथे ना गाडी पोहोचते ना दवाखाना असतो.

बहुतेक मालवाहू जहाजांवर डॉक्टरच नसतो, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं होतं. ज्या जहाजावर १०० किंवा जास्त माणसं आहेत आणि प्रवास ३ दिवसांपेक्षा मोठा आहे, तिथेच डॉक्टर ठेवण्याची सक्ती आहे. साध्या मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसं असतात. तिथे प्रशिक्षण घेतलेला एखादा अधिकारीच औषधपाणी बघतो आणि गरज पडली तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतो.

दुसरं म्हणजे, एकाच्या आजारपणाने सगळ्यांचा जीव धोक्यात येऊ शकतो. रात्री पहाऱ्यावर असलेल्याला समोरच्या जहाजाचे दिवे ओळखावे लागतात. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो आणि उजव्या बाजूला हिरवा. कोणता दिवा दिसतोय त्यावरून समोरचं जहाज कुठल्या दिशेने चाललंय ते कळतं. लाल-हिरव्यात गल्लत झाली तर टक्कर होऊ शकते. म्हणून रंगाच्या तपासणीत ते कुणाची गय करत नाहीत. आपल्या ताईंच्या मुलावर कुणी राग काढला नव्हता. नियमच तसा आहे, आणि तो माणसं वाचवण्यासाठी आहे.

तपासणीत काय काय बघतात?

- डोळे: लांबची नजर, जवळची नजर आणि रंग ओळखणं. डेकवरच्या कामाची अट जास्त कडक असते. इंजिनकडे चष्म्याला थोडी सवलत असते, पण रंग तिथेही तपासतात.
- कान: दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं का. भोंगा, धोक्याची घंटा, इंजिनचा बदललेला आवाज हे ऐकू यायला हवं.
- उंची, वजन, बीपी, नाडी, हृदय, फुप्फुसं.
- रक्त आणि लघवीची तपासणी, छातीचा एक्स-रे. डॉक्टरांना गरज वाटली तर ईसीजी आणि इतर तपासण्या.
- दात: किडके, दुखणारे दात असतील तर आधी उपचार करून यायला सांगतात. भर समुद्रात दाढ दुखायला लागली तर काढणार कोण?
- हर्निया, जुनं ऑपरेशन, हाडं-सांध्यांची दुखणी. जहाजावर शिड्या चढायच्या असतात, जड दोर ओढायचे असतात.
- फिट येणं, दमा, साखर, टीबी, मानसिक आजार झाला होता का, हे विचारतात.

आजार आहे म्हणजे लगेच नापास, असं नाही. टीबीचा पूर्ण कोर्स करून माणूस बरा झाला असेल, तर डॉक्टर रिपोर्ट बघून निर्णय घेतात. बीपी गोळीने ताब्यात असेल तरी विचार होतो. पण फिट येत असतील किंवा इन्सुलिन चालू असेल तर अडचण येण्याची शक्यता जास्त. जुने सगळे कागद, डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी सोबत द्या. पिशवीत तळाशी दडपून ठेवू नका.

रंग न दिसणं: यात आईचा काय दोष?

हा भाग मी मुद्दाम लिहिते आहे. त्या ताईंच्या घरात नंतर काय झालं माहीत आहे? कोणीतरी मोबाईलवर वाचलं की हे 'आईकडून येतं'. झालं, बोलणी सुरू. "तुझ्या माहेरचंच हे." पैसे गेले ते गेलेच, वर हा ठपका. ताई माझ्याकडे आल्या आणि एवढंच विचारलं, "खरंच माझ्यामुळे झालं का गं?"

नीट समजून घेऊया. लाल-हिरवा रंग नीट न ओळखता येणं हे बहुतेक वेळा जन्मतःच असतं. रंग ओळखण्याची सूचना एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. बाईकडे एक्स दोन असतात, पुरुषाकडे एकच. बाईच्या एका एक्समध्ये खोट असली तरी दुसरा काम चालवून नेतो, म्हणून तिला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात. तिला काही कळतच नाही. मुलाला आईकडून दोघांपैकी एक एक्स मिळतो. खोट असलेला मिळाला तर सावरायला दुसरा नसतो. म्हणून हे मुलांत जास्त दिसतं, मुलींत फार कमी.

म्हणजे ते आईकडून येतं हे शास्त्र झालं. पण आईने केलं असं त्यात काहीच नाही. तिने काय खाल्लं, गरोदरपणी काय केलं, कुठलं ग्रहण पाळलं नाही, याचा काडीचा संबंध नाही. तिला स्वतःलाही ते तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं. डोळ्यांचा रंग यावा तसं. दोष कुणाचाच नाही.

यावर औषधही नाही. थेंब, गोळी, डोळ्यांचे व्यायाम, मंत्र, कशानेही ते बदलत नाही. 'रंग दिसायला लावतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मग आधी कसं ओळखायचं? रंगीत ठिपक्यांचं ते पुस्तक इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली बनवलं. आजही जगभर तेच वापरतात आणि डोळ्यांच्या बहुतेक डॉक्टरांकडे ते असतं. तपासणी पाच मिनिटांत होते. मुलगा दहावीत असतानाच करून घ्या. घरातही खुणा दिसतात: झाडावरची पिकलेली लाल मिरची हिरव्या पानांत त्याला चटकन सापडत नाही, तपकिरी आणि हिरवा खडू तो एकमेकांच्या जागी वापरतो. आपण म्हणतो "लक्ष नाही याचं". लक्ष असतं, रंगच वेगळा दिसत असतो.

निकाल कसा येतो? पुढे काय?

डॉक्टर तीनपैकी एक निकाल देतात. एक, पूर्ण फिट. दोन, अटीसह फिट, म्हणजे ठरावीक काम किंवा ठरावीक भागातच जाता येईल. तीन, अनफिट. त्यातही काही वेळा ते तात्पुरतं असतं. हर्नियाचं ऑपरेशन करून, दात नीट करून, औषधाने बीपी खाली आणून पुन्हा तपासणीला जाता येतं.

अनफिट ठरवलं किंवा अट घातली आणि ते पटलं नाही, तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून तपासून घ्यायचा हक्क त्या करारानेच दिला आहे. निकालाचा कागद मागून घ्या. तोंडी "नाही जमणार" एवढ्यावर परत येऊ नका.

सर्टिफिकेट जास्तीत जास्त २ वर्षं चालतं. १८ वर्षांखालच्या मुलाचं १ वर्षच. रंगांच्या तपासणीची मुदत मात्र ६ वर्षांपर्यंत असते. प्रवासात असतानाच मुदत संपली, तर जिथे तपासणी होऊ शकते अशा पुढच्या बंदरापर्यंत ते चालतं, पण ३ महिन्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे मेडिकल एकदा करून संपत नाही. नोकरी असेपर्यंत तब्येत सांभाळावी लागते. तंबाखू, दारू आणि वाढतं वजन या नोकरीला परवडत नाही.

"थोडं लपवलं तर काय बिघडतं?"

सगळ्यात जास्त बिघडतं ते यातच. कामावर असताना आजारपण आलं किंवा अपघात झाला, तर उपचाराची जबाबदारी जहाजाच्या मालकावर असते. पण भरती होताना आजार जाणूनबुजून लपवला असेल, तर मालकाला ती जबाबदारी नाकारता येते. विचार करा: परदेशातल्या बंदरात पोरगा आजारी, दवाखान्याचं बिल लाखात आणि कंपनी म्हणते "तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतं". तेव्हा खोटं सर्टिफिकेट देणारा एजंट कुठे असेल?

शिवाय बऱ्याच कंपन्या जहाजावर पाठवण्याआधी स्वतःही तपासणी करतात. एका ठिकाणी झाकलेलं दुसऱ्या ठिकाणी उघडं पडतंच.

पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही?

हा भाग वहीत लिहून ठेवा.

नोकरी लावून देण्यासाठी मुलाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. 'जॉइनिंगचे', 'सीट बुकिंगचे', 'कंपनीत सांगायचे' असे कुठलेही पैसे. मुलाने स्वतः करायचा खर्च तीनच गोष्टींचा: मेडिकल सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि खलाशाचं सरकारी पुस्तक, ज्याला सीडीसी म्हणतात. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा.

ट्रेनिंग संस्थेची फी ही वेगळी गोष्ट आहे. ती कायदेशीर आहे, पण ती संस्थेच्या खात्यात भरायची आणि पावती घ्यायची. एजंट या दोन्ही गोष्टींची खिचडी करतो. 'कोर्स आणि नोकरी मिळून इतके लाख' असा आकडा सांगतो आणि रोख मागतो. त्यातले कोर्सचे किती आणि भरतीचे किती, हे कधीच सांगत नाही.

नोकरी देणाऱ्या एजन्सीकडे सरकारचं लायसन्स लागतं. त्याला आरपीएसएल म्हणतात. त्याचा नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर नाव सापडतं का ते बघा. मुलाला मोबाईल चालवता येतोच, त्यालाच शोधायला लावा.

योग्य क्रम कोणता?

१. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नजर आणि रंग तपासून घ्या. खर्च थोडा, वेळ अर्धा दिवस.
२. ते ठीक असेल तर डीजी शिपिंगच्या मान्य डॉक्टरकडे पूर्ण मेडिकल. फी आधी फोनवर विचारून घ्या.
३. फिट असेल तरच संस्था निवडा. संस्था आणि कोर्स दोन्ही डीजी शिपिंगला मान्य आहेत का, ते बघा. दहावीनंतर जीपी रेटिंग नावाचा ६ महिन्यांचा कोर्स असतो. बारावी सायन्सनंतर मोठे कोर्स असतात, त्यांना प्रवेश परीक्षा असते. तसं शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्या पुणे जिल्ह्यातही आहेत, लोणी काळभोरला आणि तळेगावजवळ इंदुरीला.
४. कोर्स करताना इंडोस नंबर आणि सीडीसी निघते.
५. शेवटी आरपीएसएल असलेल्या कंपनीमार्फत नोकरी.

एजंटाने आपल्या ताईंना हाच क्रम उलटा सांगितला होता: आधी पैसे, शेवटी मेडिकल. फसवणूक बहुतेक वेळा अशीच होते. मेडिकल शेवटी ठेवलं की नापास होईपर्यंत पैसे खिशात गेलेले असतात.

मुलींचं काय?

मुलीही जातात. कॅप्टन राधिका मेनन या भारताच्या मर्चंट नेव्हीतल्या पहिल्या महिला कप्तान. २०१५ साली बंगालच्या उपसागरात वादळी समुद्रात अडकलेल्या सात मच्छीमारांना त्यांच्या जहाजाने वाचवलं. २०१६ साली त्यांना जागतिक सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. मुलींसाठीही मेडिकलचे नियम तेच. वर सांगितल्याप्रमाणे रंगांच्या तपासणीत मुली अडकण्याची शक्यता उलट कमी. तेव्हा बोटीचा विषय निघाला की लेकीलाही विचारा.

गटात कर्ज देण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. मेडिकल झालं का? सर्टिफिकेट दाखवा.
२. डॉक्टर डीजी शिपिंगच्या यादीतले आहेत का?
३. पैसे कशाचे आहेत, कोर्सचे की नोकरी लावण्याचे?
४. पैसे कुणाच्या खात्यात जाणार? पावती मिळणार का?
५. संस्थेची मान्यता किंवा एजन्सीचं लायसन्स वेबसाइटवर बघितलं का?
६. कोर्स झाल्यावर लगेच नोकरी लागली नाही, तर हप्ता कुठून फेडणार?

सहाव्या प्रश्नाचा कुणी राग मानू नये. कोर्स झाला म्हणजे जहाज मिळालंच असं नसतं, काही मुलांना बराच काळ वाट बघावी लागते. गटाचा पैसा म्हणजे आपल्या सगळ्यांच्या घामाचा पैसा. प्रश्न विचारला म्हणजे अविश्वास दाखवला असं होत नाही. मी त्या दिवशी प्रश्न विचारला असता, तर ताईंचे ३०,००० वाचले असते.

आता ताईंबद्दल. गटाने त्यांचा हप्ता लहान करून दिला, मुदत वाढवली. एजंटाला दिलेल्या पैशाची पावती नव्हती, पण मोबाईलवरचे मेसेज होते. ते घेऊन आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे येतील तेव्हा खरे. मुलगा थोडे दिवस घरातच बसून होता. मग त्याला कळलं की जहाजावरच्या स्वयंपाकघरातल्या कामालाही मेडिकल लागतं, पण रंगांची अट कामाच्या गरजेप्रमाणे बघितली जाते, आणि मेरीटाइम केटरिंगचा वेगळा कोर्स असतो. या वेळी तो आधी मान्य डॉक्टरकडे विचारायला जाणार आहे. जमलं तर ठीक, नाही जमलं तर महामार्गावर हॉटेलं कमी नाहीत, असं ताईच म्हणतात.

आणि घरातल्या त्या बोलण्याचं? मागच्या बैठकीत मी एक्स गुणसूत्राचं चित्र फळ्यावर काढून दाखवलं. ताईंनी ते मोबाईलमध्ये काढून घेतलं. म्हणाल्या, "सासूबाईंना दाखवते." पुढच्या बैठकीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सासूबाई बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, म्हणजे तुझ्या नवऱ्याचं टक्कल पण माझ्याकडूनच आलं असेल की!" सगळा गट हसला. त्या दिवसापासून तो विषय त्या घरात निघालेला नाही.

येत्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा आणि ज्यांच्या घरी बोटीचं बोलणं चालू आहे त्यांना आवर्जून बोलवा. वेबसाइटवर शोधायला अडचण आली तर फेडरेशनच्या ऑफिसात या, आपण मिळून बघू.

तुमची क्षेत्र समन्वयक